पोरगं घरात बोलेना? या चुका टाळा

मी बीडला आठवी-दहावीचे क्लास घेते आणि खरं सांगू का, बीजगणितापेक्षा पोरांच्या घरच्या भानगडीच जास्त ऐकते. "मॅडम, आमचा घरी तोंडच उघडत नाही" असं सगळे पालक म्हणतात, आणि तोच पोरगा माझ्याकडे तासभर बडबडतो.

एकत्र कुटुंबात सगळ्यात मोठी चूक म्हणजे बातमी फोडणं. पोरीने आईला सांगितलं की पाळी लांबलीय, आणि रात्री जेवताना काकूच विचारते "दवाखान्यात गेलीस का गं?" झालं, परत ती पोर आईला काही सांगायची नाही. एक तर स्वतःची खोली नसते, फोन घेऊन गच्चीवर गेलं तर गच्चीवर का गेलीस म्हणून आजी हजर. काकूला सांगावंच लागणार असेल तर आधी पोरीला विचारा, बास.

टूबीएचकेवाल्यांचं वेगळं. आईबाप दोघं दमून येणार आणि दारातच पहिला प्रश्न, टेस्टमध्ये किती पडले? त्यापेक्षा स्कूटीवर मागे बसवून चक्कर मारा, नजरेला नजर नसली की पोरं आपसूक बोलतात. आणि रात्री अकराला बोलायला लागलं तर लगेच झोप म्हणू नका, या वयात झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं, त्यांना खरंच झोप आलेली नसते हो.

आईवडील वेगळे राहत असतील तर पोराला निरोप्या करू नका. "तुझ्या बापाला सांग फी भर म्हणून", हे तुम्हीच मेसेज करा ना! तेरा वर्षांच्या पोराला "आता तूच घरातला कर्ता" हेही नको.

आमच्याकडे अजून एक प्रकार आहे, ज्याबद्दल कुणी लिहीत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात ते पाच-सहा महिने, पोरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. उसाच्या फडातून फोन येतो तो पाच मिनिटं, त्यात नुसत्या सूचना, आजीला त्रास देऊ नको, अभ्यास कर, मोबाईल बघू नको. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, मी फक्त हं हं करते. आधी काय जेवलीस ते विचारा, मग तुमच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, काय चाललंय ते सांगा, सूचना राहू द्या उद्याला.

पण पोरगं दोन आठवडे धड जेवत-झोपत नसेल किंवा जगायचंच नाही असं काही बोललं, तर हे वय असतंच असं म्हणून सोडू नका. तेव्हा वाट बघायची नाही, त्याला एकटं ठेवायचं नाही, डॉक्टर गाठायचा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पोरांनी स्वतः लावला तरी चालतो, मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवलाय.