पोस्टफिक्सच्या बाउन्स मेलचा मजकूर बदलताय? या चुका टाळा

“मेल पोचली नाही की ती इंग्रजी मेल येते ना, तेवढी मराठीत करून द्या.” हे काम वर्षातून दोन-तीनदा माझ्याकडे येतं, आणि बहुतेक वेळा माझ्या आधी कुणीतरी त्यात हात घालून ठेवलेला असतो. काम तसं अर्ध्या तासाचं. ती परत येणारी मेल म्हणजे बाउन्स. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा मजकूर बदलायची सोय २००६ साली आलेल्या २.३ आवृत्तीपासून आहे. एक टेम्प्लेट फाइल लिहायची, मेन.सीएफ या त्याच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये बाउन्स_टेम्प्लेट_फाइल या पॅरामीटरपुढे तिचा पाथ द्यायचा आणि रीलोड करायचं. फाइलमध्ये चार मजकूर बसतात: फेल्युअर (मेल गेली नाही), डिले (उशीर होतोय), सक्सेस (पोचली) आणि व्हेरिफाय (पत्ता पडताळणीचा अहवाल). पहिले दोन लोकांच्या नजरेस पडतात. उरलेल्या दोघांना उगाच हात लावू नका.

अर्ध्या तासाचं काम आहे म्हणूनच लोक ते पाच मिनिटांत उरकतात, आणि मग माझा फोन वाजतो.

कारण माहीत नसताना कारण सांगणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

पश्चिम महाराष्ट्रातली एक पंप आणि व्हॉल्व्ह विकणारी कंपनी. तिथे नव्याने लागलेल्या मुलाने फेल्युअर टेम्प्लेट हौसेनं मराठीत केलं होतं: “आपण दिलेला ई-मेल पत्ता चुकीचा आहे. कृपया पत्ता तपासून पुन्हा पाठवा.” खाली कंपनीचं नाव, घोषवाक्य, फोन नंबर. साहेब खूश.

दोनेक महिन्यांनी तिथल्या एका सेल्समनचा पासवर्ड चोरीला गेला, त्याच्या खात्यातून रात्रभर स्पॅम गेला आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत पडला. सकाळपासून बाहेर जाणाऱ्या मेल धडाधड परत यायला लागल्या. हिशेब विभागातल्या ताई डीलरांना थकबाकीची पत्रं पाठवत होत्या. प्रत्येक परत आलेल्या मेलवर शुद्ध मराठीत लिहिलेलं, पत्ता चुकीचा आहे. ताई कामाला चोख. त्यांनी एकेका डीलरला फोन लावला. ज्यांनी उचलला नाही त्यांचा पत्ता एक्सेलमधून उडवला. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा त्या शीटमध्ये लाल रेघांचं पीक आलं होतं, आणि त्यातला एकही पत्ता चुकीचा नव्हता.

खरं कारण त्याच मेलमध्ये होतं. टेम्प्लेटचा मजकूर संपला की पोस्टफिक्स त्याखाली पत्ता लिहितो, आणि त्यापुढे समोरचा सर्व्हर काय म्हणाला ते जसंच्या तसं. तिथे स्वच्छ ५.७.१ हा नकाराचा कोड होता, आयपी अडवल्याचं वाक्यही होतं. मग ते कुणालाच कसं दिसलं नाही? कारण आमच्या चिरंजीवांनी “खालचं इंग्रजी वाईट दिसतं” म्हणून मजकुराच्या शेवटी पंचवीस रिकाम्या ओळी सोडल्या होत्या. मी मोजल्या. पंचवीस.

गोम अशी आहे की पत्ता नसणं, पेटी भरलेली असणं, अटॅचमेंट मोठी होणं, स्पॅम म्हणून नाकारणं, डोमेनच न सापडणं, या सगळ्यांना फेल्युअर टेम्प्लेट एकच. त्यात ज्याला मेल गेली नाही त्याचा पत्तासुद्धा घालता येत नाही. तिथे फक्त मेन.सीएफमधल्या पॅरामीटरच्या किमती उतरतात. म्हणजे हा मजकूर लिहिताना तुम्हाला एकच गोष्ट ठाऊक असते: मेल गेली नाही. तेवढंच लिहा. माझा मजकूर गेली कित्येक वर्षं हाच आहे:

“आपली मेल खालीलपैकी एका किंवा अधिक पत्त्यांवर पोचली नाही. कारण पत्त्यापुढे इंग्रजीत दिलं आहे. ते समजलं नाही तर ही संपूर्ण मेल संगणक विभागाला पुढे पाठवा. तोवर यादीतला पत्ता काढू नका.”

शेवटचं वाक्य त्या ताईंमुळे आलं.

सोबत टेबलावर चिकटवायला एक चिठ्ठी देतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ता नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. ५.७.१ म्हणजे आपल्याला नाकारलं, पत्त्याचा दोष नाही. आणि परत आलेल्या मेलमध्ये ४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर सर्व्हरने बरेच दिवस प्रयत्न करून नाद सोडला असं समजायचं. या चिठ्ठीचा उपयोग कुठल्याही सुंदर टेम्प्लेटपेक्षा जास्त होतो, पण चिठ्ठीचं बिल लावता येत नाही.

जीमेलवरून चाचणी

“सर, टेम्प्लेट टाकलं, रीलोड केलं, जीमेलवरून खोट्या पत्त्यावर मेल पाठवली, तरी इंग्रजीच येतं.” येणारच. तुमच्या सर्व्हरने ती मेल दारातच ५५० (कायमचा नकार) म्हणून नाकारली. परतीची मेल लिहिली ती गूगलच्या सर्व्हरने, तुमच्या नाही. तुमचं टेम्प्लेट दिसतं ते मुख्यतः तुमच्याच लोकांना, त्यांनी बाहेर पाठवलेली मेल अडकली की. बाहेरच्याला काही सांगायचं असेल तर एसएमटीपीडी_रिजेक्ट_फूटर हा पॅरामीटर आहे, २.८ आवृत्तीपासून. त्यात एक ओळ आणि फोन नंबर घाला, ती नकाराच्या उत्तराला जोडली जाते. साध्या इंग्रजीत लिहा, तिथे देवनागरीची हौस नको.

इथवर ठीक आहे. खरा घोळ पुढे होतो. आपलं टेम्प्लेट बाहेरच्यांना दिसत नाही म्हणून काही महाभाग सर्व्हरला सगळ्या मेल आत घ्यायला लावतात, आणि मग आतून परत पाठवतात. आपल्याकडचे खरे पत्ते कुठे बघायचे ते सांगणारं लोकल_रेसिपियंट_मॅप्स रिकामं केलं की झालं. मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या बॅकअप सर्व्हरवर तर कित्येकदा हे नकळत होतं, कारण खऱ्या पत्त्यांची यादी त्याला कुणी दिलेलीच नसते.

आता स्पॅमवाल्याची मेल बघा. पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता, घेणाऱ्याच्या जागी तुमच्याकडचा बनावट पत्ता. तुमचा सर्व्हर ती आनंदानं आत घेतो, आत आल्यावर कळतं की असं कुणी नाही, आणि “आपली मेल पोचली नाही” असं नम्र मराठी पत्र तो त्या भलत्या माणसाला धाडतो. त्या बिचाऱ्याने तुमचं नावही ऐकलेलं नसतं. अशा शेकडो मेल गेल्या की तुमचाच आयपी यादीत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

नकार दारातच द्या. बॅकअप सर्व्हरला रिले_रेसिपियंट_मॅप्समध्ये पत्त्यांची यादी द्या आणि ती रोज मुख्य सर्व्हरवरून ताजी करा. मी त्यासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चार ओळींची स्क्रिप्ट ठेवतो. ज्यांना यादी ठेवायचा कंटाळा आहे त्यांनी बॅकअप सर्व्हर ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत. मुख्य सर्व्हर काही तास बंद पडला तर पाठवणारे सर्व्हर स्वतःच थांबून पुन्हा प्रयत्न करतात. दिवसभर वीज गेली तरी मेल हरवत नाही.

उशिराच्या सूचनेतून मुख्य वाक्य गाळणं

डिले_वॉर्निंग_टाइम मुळात शून्य असतं, म्हणजे उशीर झाल्याची सूचना जातच नाही. कुणी ती चालू केली की मराठी करताना मूळ मजकुरातली एक ओळ हमखास गळते. इंग्रजीत ती ओळ मोठ्या अक्षरांत आहे: हा फक्त इशारा आहे, मेल पुन्हा पाठवायची गरज नाही. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे ओरडायची सोय नाही. मी ते वाक्य पहिल्या ओळीत टाकतो, वर-खाली एकेक रिकामी ओळ सोडून. नाही टाकलं तर लोक तीच निविदा पाच वेळा पाठवतात, आणि समोरचा सर्व्हर जागा झाला की पाचही एकदम पोचतात.

वेळ मी चार तास ठेवतो. एक तास ठेवलात तर फोन घ्यायला माणूस ठेवा. आणि “पाच दिवस प्रयत्न करू” असं हाताने लिहू नका. मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम_डेज हे नाव आधी डॉलर लावून लिहा, सेटिंगमध्ये असेल तो आकडा आपोआप उतरतो. इंग्रजी आकडा येतो, चालतं.

मराठी दिसतच नाही

टेम्प्लेटमधली कॅरसेटची (अक्षरसंचाची) ओळ यूएस-आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, अशी ठेवून खाली देवनागरी लिहिली की पोस्टफिक्स तो मजकूर बाजूला ठेवतो आणि आपला मूळ इंग्रजी वापरतो. तक्रार फक्त लॉगमध्ये. लॉग न बघता तीन वेळा सर्व्हर रीस्टार्ट करणारी माणसं मी पाहिली आहेत. कॅरसेट यूटीएफ-८ करा, संपलं.

विषयाच्या ओळीत मात्र थेट देवनागरी चालत नाही. हेडर आस्कीतच हवा आणि एकाच ओळीत. बेस-६४ पद्धतीने इंग्रजी अक्षरांत एन्कोड करून घालता येतो, पण त्याच्या एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी सगळं धरून. “आपली मेल पोचली नाही” एवढ्यालाच दोन तुकडे लागतात. मी विषय इंग्रजीच ठेवतो. मेल क्लायंटमध्ये त्यावर फिल्टर लावलेले असतात, ते मोडायला कशाला जायचं.

अख्खा परिच्छेदही एका ओळीत लिहू नका. मेलच्या एका ओळीला ९९८ बाइटची मर्यादा आहे, तीनाने भागा. पलीकडे गेलात की सर्व्हर मध्येच ओळ तोडतो आणि जोडाक्षराचं खोबरं होतं.

बाकीच्या किरकोळ:

मजकूर संपल्याची खूण म्हणून येणाऱ्या शेवटच्या ईओएफच्या आधी स्पेस नको. नाहीतर तो मजकुराचाच भाग धरला जातो.

मजकुरात डॉलरचं चिन्ह हवं असेल तर दोनदा लिहा.

बाउन्स.सीएफ.डिफॉल्ट या नमुना फाइलमध्ये बदल करू नका. पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. कॉपी करा, वेगळं नाव द्या.

बाउन्स मेल मेलर-डेमन या नावाने येते. “हा डेमन कोण, व्हायरस आहे का, ब्लॉक करा” असं साहेब म्हणाले तरी रिकाम्या प्रेषकाच्या मेल अडवू नका. बाउन्स मेल रिकाम्या प्रेषकानेच येते, त्या अडवल्या तर आपली मेल पोचली नाही हे कुणाला कधीच कळणार नाही.

फ्रॉममध्ये हेल्पडेस्कचा पत्ता घालायचा असेल तर आधी तिथलं स्वयंचलित उत्तर बंद करा. रजेवर गेलेल्या माणसाचं ऑटो-रिप्लाय आणि तिकिटाची पोच एका शनिवार-रविवारभर एकमेकांशी गप्पा मारताना मी पाहिलेत.

कायमचे नकार तात्पुरते करणारं सॉफ्ट_बाउन्स चाचणीपुरतं असतं. चालू ठेवून घरी जाऊ नका.

चाचणी माझ्या पद्धतीने

आधी पोस्टकॉन्फ ही आज्ञा उणे बी हा पर्याय आणि फाइलचं नाव देऊन चालवा. सगळे मजकूर किमती भरून पडद्यावर येतात. मग रीलोड. मग आपल्याच खात्यातून .इन्व्हॅलिड ने संपणाऱ्या पत्त्यावर एक मेल. ते डोमेन १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलंय, कुणाला त्रास होत नाही. उशिराच्या सूचनेसाठी ट्रान्सपोर्टमध्ये (कुठल्या डोमेनची मेल कुठे द्यायची त्या यादीत) एखादं खोटं डोमेन १९२.०.२.१ कडे वळवा, तिथे कुणीच उत्तर देत नाही. डिले_वॉर्निंग_टाइम तेवढ्यापुरतं मिनिटांवर आणा आणि चहा घ्या.

परत आलेली मेल मी स्वतः वाचत नाही. ऑफिसमधल्या ज्या माणसाला संगणकाचा सगळ्यात जास्त कंटाळा आहे त्याला दाखवतो आणि विचारतो, आता तुम्ही काय कराल? “पुन्हा पाठवीन” असं उत्तर आलं तर मजकूर पुन्हा लिहायला बसतो.