स्टार, बाण, फॅन्सी अक्षरं: स्क्रीन रीडरवर नीट ऐकू यावीत म्हणून काय करायचं

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं ते लोक ते वापरतात. रेटिंग म्हणून आपण ★★★★☆ टाकतो, दिसायला झकास, पण ऐकणाऱ्याला ते 'ब्लॅक स्टार' चार वेळा आणि मग 'व्हाइट स्टार' असं ऐकू येऊ शकतं, नाहीतर काहीच नाही, कारण कुठलं चिन्ह वाचायचं हे प्रत्येक रीडर आपल्या डिक्शनरीवरून आणि युजरने ठेवलेल्या पंक्चुएशन लेव्हलवरून (किती चिन्हं वाचायची त्या सेटिंगवरून) ठरवतो. म्हणून अर्थाचं काम चिन्हावर सोडायचंच नाही. '5 पैकी 4 स्टार' लिहा की सरळ. तसंच '10–12' मधला डॅश बरेचदा गिळला जातो, '10 ते 12' लिहा.

आता वेबपेजचा एचटीएमएल कोड. चिन्ह नुसतं सजावटीचं असेल तर ते स्पॅन टॅगमध्ये टाकून एरिया-हिडन ट्रू (aria-hidden="true") करा, म्हणजे रीडर ते वगळतो, विषय संपला. चिन्हालाच अर्थ असेल तर त्या स्पॅनला रोल 'img' द्या (role="img") आणि अर्थ एरिया-लेबलमध्ये (aria-label) लिहा. रोल न देता नुसतं लेबल चिकटवतात लोक, त्याचा भरवसा नसतो. बंद करायच्या बटणावर फक्त × असेल तर लेबल बटणालाच द्यायचं, 'बंद करा' म्हणून.

सीएसएसच्या (पेजची सजावट ठरवणाऱ्या कोडच्या) बिफोर-आफ्टरमधून (::before, ::after) टाकलेलं चिन्ह रीडर वाचत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण वाचतो! तिथे content मध्ये चिन्हानंतर तिरकी रेघ (/) आणि पुढे रिकामे कोट्स ("") दिले की ते गप्प बसतं, मात्र जुने ब्राउझर ती अख्खी ओळच सोडून देतात, त्यामुळे तिच्या वर साधी कंटेंटची ओळ पण ठेवा.

लिस्टला हाताने • टाकू नका, एचटीएमएलचे लिस्टचे टॅग यूएल-एलआय (ul, li) वापरा, मग किती आयटम आहेत ते पण रीडर सांगतो.

आणि ती बायोमधली स्टायलिश इंग्लिश अक्षरं! तो फॉन्ट नसतो, युनिकोडमध्ये गणितासाठी ठेवलेली वेगळी कॅरेक्टर्स असतात ती, त्यामुळे रीडर एकेक अक्षर 'मॅथमॅटिकल बोल्ड स्मॉल ए' असं वाचत बसतो किंवा अख्खं नाव गाळतो. वेबपेजवर बोल्ड हवं तर स्ट्राँग टॅग आहे, बायोत साधंच लिहा. इमोजी एखादा, तोही वाक्याच्या शेवटी, कारण प्रत्येकाचं नाव वाचलं जातं.

टेस्ट करायला विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, त्याच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर चालू केलात की काय बोललं जातंय ते स्क्रीनवर लिहून येतं. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे, पण तो चालू केल्यावर डबल टॅप केल्याशिवाय काही उघडत नाही, तेव्हा बंद कसा करायचा ते आधी बघून ठेवा.