कॉपी-प्रोटेक्शनवाली गाण्याची सीडी पेनड्राईव्हवर कशी घ्यायची (आणि ड्राईव्ह गायब झाला तर काय करायचं)

दिवाळीत घर झाडताना फडताळातून जुन्या सीड्या निघतात आणि मंग लोकं दुकानात येतात, "भाऊ, हे ट्रॅक्टरच्या डेकवर वाजलं पायजे, पेनड्राईव्हमधी टाकून दे." भजनाची, भीमगीतांची साधी सीडी असली की चहा येईपर्यंत काम होते. पण कधी पुण्या-मुंबईहून नाही तर बाहेरदेशातून कोणीतरी आणलेली २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतली डिस्क निघते, तिच्यात गाण्यांसोबत कॉपी-प्रोटेक्शनचं सॉफ्टवेअर भरलेलं असते, आणि ती टाकली की कंप्युटरचीच वाट लागते. बसस्टँडवरची डुप्लिकेट एमपीथ्री सीडी मात्र बिनबोभाट वाजायची. ज्यानं पैसे मोजून ओरिजिनल घेतली त्याच्याच बोकांडी हे भूत.

पहिलं, कव्हर वाचा. साध्या सीडीवर 'कॉम्पॅक्ट डिस्क'चा शिक्का असते, प्रोटेक्शनवालीवर बरेचदा नसते, कारण ती रेड बुक नावाच्या मूळ नियमात बसतच नाही. बारीक अक्षरात 'कॉपी प्रोटेक्टेड' दिसलं की सावध व्हा.

दुसरं, ऑटोरन बंद, म्हणजे डिस्क टाकली की तिच्यातलं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होते ते बंद. विंडोज १० मधी सेटिंग्जमधून ऑटोप्ले बंद होते. जुन्या एक्सपीवर शिफ्ट दाबून धरा, डिस्क टाका, ड्राईव्हचा लाईट थांबला की सोडा. हसू नका, २००३ मधी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या अलेक्स हॅल्डरमन नावाच्या विद्यार्थ्यानं एवढंच दाखवलं होतं की एका शिफ्टनं अख्खं प्रोटेक्शन गारद होते, तर सॉफ्टवेअरवाली कंपनी त्याच्यावर केस करायला निघाली, मग हसं झालं तशी मागं सरली. लायसन्सची खिडकी उघडलीच तर 'नाही' दाबून सुटलो असं समजू नका, काही डिस्क नाही म्हटल्यावरही फाईली टाकूनच जायच्या.

आता खरं दुखणं, म्हणजे सॉफ्टवेअर आधीच बसलं असेल तर.

हे माझ्याच घरी झालं. बाबांनी कापूस विकून घेतलेला कंप्युटर, एक्सपी, आणि मित्राच्या भावानं आणलेली एक डिस्क (कंपनीचं नाव नाही घेत). गाणी तिच्याच प्लेअरमधी वाजायची, दुसऱ्यात नुसती खरखर. एकानं सांगितलं सिस्टम३२ च्या ड्रायव्हर्समधी जा, त्याची फाईल शोध आणि उडव. उडवली. रिस्टार्ट केलं तर माय कंप्युटरमधून सीडी ड्राईव्हच गायब! दुकानदार म्हणे ड्राईव्ह गेला, नवा टाका. दुसरा म्हणे विंडोज मार. बारा बारा तास लाईन नसायची तेव्हा, तीन दिवस गेले माझे ह्याच्यात, आणि ड्राईव्हला झालं काहीच नव्हतं.

होते काय, हे सॉफ्टवेअर आपला ड्रायव्हर (विंडोजला यंत्राशी बोलून देणारी फाईल) सीडी ड्राईव्ह आणि विंडोजच्या मधात बसवते, त्याला फिल्टर म्हणतात. त्याचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, लिहिलेलं असते. तुम्ही फाईल उडवली तरी नाव तिथंच राहते, विंडोज त्या नावाला हाक मारते, उत्तर येत नाही, मग ड्राईव्ह चालूच करत नाही. डिव्हाईस मॅनेजरमधी पिवळं चिन्ह आणि कोड १९ नाही तर ३९ दिसला की बहुतेक हेच समजा. म्हणून आधी नाव काढायचं, फाईल नंतर. उलटं केलं की माझ्यासारखं.

रजिस्ट्री बदलायचं रेगएडिट उघडा. लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं जा. तिथं ४डी३६ई९६५ नं सुरू होणारा फोल्डर शोधा, उजवीकडं क्लासचं नाव सीडीरॉम दिसलं पायजे. आधी तो एक्सपोर्ट करून ठेवा. मग त्यातले 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' हे दोनच डिलीट करा, रिस्टार्ट मारा, ड्राईव्ह दिसला की मगच ती फाईल काढा. सीडी राईट करायचं सॉफ्टवेअर रुसू शकते, ते परत टाका, नेमकं कोणतं नाव कुणाचं हे शोधत बसू नका.

आणि भाऊ, तो आकडा दोनदा वाचा. शेजारीच ९६७ वाला फोल्डर आहे, तो हार्डडिस्कचा. त्याच्यातलं अप्परफिल्टर्स उडवलं तर विंडोज सुरूच होत नाही, निळी स्क्रीन. एका गिऱ्हाईकानं मोबाईलवर व्हिडिओ पाहून हेच केलं, आणि मशीन माझ्याकडं आणलं. लाईन जायचा टाईम असेल तर हे काम काढूच नका.

कंपनीनं दिलेलं 'काढून टाकायचं' सॉफ्टवेअर पण डोळे झाकून चालवू नका. २००५ मधी सोनी बीएमजीच्या डिस्कवर एक्ससीपी नावाचं प्रोटेक्शन होतं, मार्क रुसिनोविच नावाच्या विंडोजच्या जाणकारानं ३१ ऑक्टोबरला उघड केलं की ते रूटकिटसारखं, म्हणजे विंडोजलाच फसवून, लपून बसते, नावाच्या सुरुवातीला 'डॉलर सिस डॉलर' असलेली कोणतीही फाईल विंडोजला दिसूच देत नाही. व्हायरसवाल्यांनी लगेच त्याच आडोशाला आपल्या फाईली लपवल्या. कंपनीचा मोठा साहेब म्हणे लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही, मग फिकीर कशाला. नंतर इंटरनेटवरून ते काढायची सोय दिली, तर तिनंच मशीनला नवं भगदाड पाडलं. शेवटी डिस्क बाजारातून परत बोलवाव्या लागल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या त्या वेगळ्याच.

एवढं नको असेल तर ६४-बिट विंडोजवर काम करा, ते जुने ३२-बिट ड्रायव्हर तिथं चालतच नाहीत. नाही तर विंडोजऐवजी पेनड्राईव्हवरून उबंटू ही फुकटची सिस्टीम चालवा. डिस्कच्या कडेला काळा मार्कर फिरवा म्हणून सांगणारे अजून भेटतात. २००२ मधी काही डिस्कवर ते चाललं होतं खरं, पण सगळ्यांवर नाही, आणि हात हलला तर शेवटचं गाणं गेलं.

विंडोजवर गाणी काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर, दुसरं काही नको. ट्रॅक्टरच्या डेकसाठी एमपीथ्री करा आणि पेनड्राईव्ह एफएटी३२ मधीच फॉरमॅट करा, एनटीएफएस असला की बरेच डेक नुसते लुकलुकतात.