पोलीस केस झाली? पहिल्या दिवशीच्या या चुका टाळा

फौजदारी कोर्टात वकिली करताना वारंवार दिसतं की केस पहिल्याच दिवशी बिघडते, आणि तीही घाबरून केलेल्या घाईमुळे.

"कुठलं कलम लागलंय?" असं विचारलं की घरचे सांगतात, "मारामारीचं." तेवढ्यावर काहीच ठरत नाही. एफआयआरची प्रत मिळवा आणि कलमं स्वतः वाचा. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते आणि तिचे आकडे वेगळे आहेत. मध्यंतरी एक बाई 302 बघून माझ्यासमोर थरथरत होत्या. जुन्या दंड संहितेत तो खून होता. आता खुनाचं कलम 103 आहे, आणि 302 म्हणजे धार्मिक भावना दुखावतील असं मुद्दाम बोलणं. शिक्षा वाचताना 'पर्यंत' हा शब्दही सोडू नका. सात वर्षांपर्यंत म्हणजे सातच वर्षं नव्हे. आणि अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं नाही. तिथे जामीन हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं.

पोलिसांची नोटीस आली की काही जण गावाला निघून जातात. असं करू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहा सांगणारी, नोटीस येते. हजर राहून सहकार्य केलंत, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. न जाणं हेच अटकेचं कारण होतं.

सही करताना थांबा. चौकशीत लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही, असं कायदा सांगतो. अटकेच्या कागदावर किंवा पंचनाम्यावर सही मागतील, ती वाचून करा. कोऱ्या कागदावर कधीही नाही. स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही, हा घटनेच्या कलम 20(3) चा हक्क आहे. चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटताही येतं, फक्त तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही.

सगळ्यात जिवाला लागणारी चूक मात्र कोर्टात होते. अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर आणावं लागतं. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे शिपाई उभा असतो. पोरगा मान खाली घालून म्हणतो, "नाही." ते 'नाही' रिमांडच्या, म्हणजे कोठडीत ठेवण्याच्या आदेशाच्या, कागदावर जातं, आणि महिन्यांनी मारहाणीचं सांगितलं की सरकारी वकील तोच कागद पुढे करतात. मारलं असेल तर तिथेच सांगा, जखम दाखवा, वैद्यकीय तपासणी मागा. घरच्यांनी ही गोष्ट त्याच्या कानावर आधीच घालायला हवी.

पैसे नाहीत म्हणून वकिलाशिवाय उभं राहू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर लिहून ठेवा.

शेवटचं, तारखांचं. पहिल्या रिमांडपासून 60 दिवसांत, किंवा फाशी, जन्मठेप अथवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज आरोपपत्र येण्याआधी पडायला हवा. पहिल्या रिमांडची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहा.