टेकडीवरचा मोडका कठडा, बागेतला तुटका झोका: पुण्यात तक्रार कुठे आणि कशी करायची

परवा बागेत एक आजोबा वॉचमनवर जाम तापलेले, झोक्याची साखळी झिजलीये, पोरगं पडलं म्हणजे कोण बघणार. वॉचमन बिचारा मान हलवतोय. त्याच्या हातात काय असतं, फार तर तो झोका वर गुंडाळून बांधून ठेवेल (हे मात्र त्याला लगेच करायला लावा, उपयोगी पडतं), पण तोंडी सांगितलेल्याची नोंद कुठेच होत नाही आणि नोंदच नसेल तर महिन्याने जाऊन विचारणार कुणाला?

पहिली गोष्ट, जागा कुणाची ते बघा. यात माझे स्वतःचे दोन आठवडे वाया गेलेत. तळजईला पायवाटेवर एक वाळकं झाड वाकलेलं होतं, मी आपली महापालिकेकडे तक्रार टाकून वाट बघत बसलो, मग कळलं की तो पट्टा पाचगाव पर्वतीच्या वनातला, म्हणजे वन विभागाचा. चूक माझीच, कुंपणावर बोर्ड होता, रोज त्याच्यासमोरून जातो. वेताळ टेकडीचंही तसंच, मोठा भाग भांबुर्डा वनात येतो. तर बोर्डावर वन विभाग असेल तर हेल्पलाईन १९२६, आणि बाग महापालिकेची असेल तर पीएमसी केअर अ‍ॅप किंवा टोल फ्री १८०० १०३० २२२.

महापालिकेच्या आतही वाटण्या आहेत बरं का. झाडं, झोके, बाक, गवत हे उद्यान विभागाचं, दिवा बंद असेल तर विद्युत, चेंबरचं झाकण गेलं असेल तर ड्रेनेज, आणि गेटबाहेरचा फुटपाथ पथ विभागाचा. म्हणून एका तक्रारीत पाच गोष्टी कोंबू नका. लोक काय करतात, "बागेची दुरवस्था झाली आहे, तातडीने लक्ष द्यावे" असं लिहून मोकळे, आता ज्याला हे वाचून काम करायचंय त्याने नक्की काय घेऊन यायचं, वेल्डिंग मशीन का फावडं? त्यापेक्षा असं लिहा: "मागच्या गेटने आत आल्यावर डावीकडे मुलांची खेळणी, त्यातला दुसरा झोका, उजवी साखळी वरच्या कडीपाशी अर्धी झिजलेली, मुलं वापरतायत." झालं.

फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे मागची पाण्याची टाकी नाहीतर पुतळा काहीतरी दिसेल आणि माणूस बरोबर तिथे पोचेल. दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहा. टेकडीवर ना गेट ना खांब, तिथे गुगल मॅपवर बोट दाबून धरलं की आकडे येतात ते कॉपी करा, किंवा फोटोवरच लोकेशन छापणारे जीपीएस कॅमेरा अ‍ॅप असतात ते वापरा.

जिवाशी खेळ असेल तर मात्र अ‍ॅप बिप विसरा, सरळ फोन. डीपी (विजेची पेटी) उघडा पडलाय किंवा वायर लोंबतेय, महावितरण १९१२, आणि तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका, पावसात तर नाहीच. लुटालूट, छेडछाड, ११२. गवत पेटलं तर १०१, आणि यात एक गोष्ट लोक सांगतच नाहीत, आग कुठल्या बाजूला आहे ते. वेताळ टेकडी पेटलीये म्हणून काय समजणार, एआरएआय रोडकडून यायचं का गोखलेनगरकडून का पाषाणकडून? गाडी चुकीच्या बाजूला आली की वळसा घालून येईपर्यंत डोंगर काळा होतो.

धोकादायक फांदी दिसली तर स्वतः कोयता घेऊन जाऊ नका, शहरातल्या झाडांना १९७५ चा कायदा आहे, छाटायलाही परवानगी लागते. तक्रार पावसाळ्याच्या आधी, एप्रिल मे मधेच टाका, जूनमधे सगळ्यांनाच आठवण होते.

आता तक्रार नोंदवली की टोकन नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. कधी कधी "तक्रार निकाली" असा मेसेज येतो आणि झोका आहे तसाच. चिडून शिव्या घालण्यापेक्षा त्याच दिवशी नवा फोटो काढा, जुना टोकन नंबर टाकून परत नोंदवा. तरी नाही झालं तर कागद. वॉर्ड ऑफिसला पत्राच्या दोन प्रती न्या, एक तिकडे, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. हा शिक्का म्हणजे सगळं काही, पुढे लोकशाही दिनाला जायचं झालं (महिन्याचा पहिला सोमवार, अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात) तर हेच हातात लागतं.

त्याच्याही पुढे माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांत, उत्तराला ३० दिवस. "दुरुस्ती का केली नाही" असं विचारू नका, का ला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, कागद मागा: देखभालीची वर्क ऑर्डर, पाहणीच्या नोंदी, आमच्या तक्रारीवरचे शेरे. ओपन जिमच्या बाबतीत तर हे करायलाच लागतं, कारण तिथे नगरसेवक निधीतून अशी मोठी पाटी असते, पण बसवल्यानंतर ते बघायचं कुणी हे पाटीवर नसतं.

आणि काम झालं की सोसायटीच्या ग्रुपवर तेही टाका, नाहीतर दुरुस्त झालेल्या झोक्याचा जुना फोटो वर्षभर फिरत राहतो.