ॲव्हरेज वाढवायला निघालात? इंजिनशी खेळताना या चुका टाळा

गाडीत काहीतरी नवीन बसवलं की पहिल्या टाकीला ॲव्हरेज हमखास वाढतं. दुसऱ्या टाकीला थोडं उतरतं आणि चौथ्या-पाचव्या टाकीपर्यंत होतं तिथे येऊन बसतं. मधल्या काळात बदललेला असतो तो चालवणाऱ्याचा पाय. पैसे खर्च झालेले असतात, म्हणून आठवडाभर ॲक्सिलरेटर जपून दाबला जातो आणि श्रेय मिळतं नव्या पार्टला.

म्हणून चुकांची यादी बॉनेटखालून नाही, मोजमापापासून सुरू करतो.

एका टाकीवर निकाल लावणं

टाकी फुल ते टाकी फुल ही पद्धत चांगली, पण पंपाची नोझल नेमकी कुठे कट होईल याचा नेम नसतो. गाडी जरा कललेली असली किंवा नोझल थोडी बाहेर राहिली की लिटरभर इकडचं तिकडे होतं. ३५ लिटर भरताना एका लिटरची चूक म्हणजे जवळपास ३ टक्के. इंजिनातल्या एखाद्या प्रामाणिक सुधारणेतून मिळणारा फायदाही बहुतेक वेळा तेवढाच असतो. ज्या तराजूने तोलायचं, त्याचाच काटा मालाएवढा हलतोय.

बदलाच्या आधी निदान चार-पाच टाक्यांची नोंद ठेवा, नंतर तेवढ्याच टाक्यांची. जमलं तर तो पार्ट काढून, गाडी पूर्वीसारखी करून आणखी दोन-तीन टाक्या मोजा. आकडा परत खाली आला नाही, तर फरक पार्टचा नव्हता. एका वेळी एकच बदल करा. फिल्टर, प्लग आणि ऑइल एकाच दिवशी बदललं, तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. थंडीत घेतलेला 'आधीचा' आकडा आणि उन्हाळ्यातला 'नंतरचा' आकडा यांची तुलना तर सरळ रद्दीत टाका.

टायरचं मापही इथे घोळ घालतं. घेर ३ टक्के वाढला की ओडोमीटर ३ टक्के कमी अंतर दाखवतो. गाडीने इंधन जास्त पिलेलं नसतं, किलोमीटरच कमी मोजले गेलेले असतात. लहान टायर लावून 'ॲव्हरेज वाढलं' म्हणणाऱ्यांचं गणित याच्या उलटं.

आणि स्क्रीनवरच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. ट्रिप कॉम्प्युटर इंधन मोजत नाही, तो हिशेब करतो: इंजेक्टर किती वेळ उघडले, दाब किती होता, म्हणजे इतकं इंधन गेलं असणार. टर्बो-डिझेलला लावायचे काही ट्यूनिंग बॉक्स इंधनाचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल मधेच बदलून दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दाब वाढवतो, प्रत्यक्षात जास्त डिझेल जातं, पण हिशेब मात्र जुन्याच दाबाचा लागतो. स्क्रीन म्हणते ॲव्हरेज सुधारलं, पंपावरची पावती वेगळंच सांगते. या एका भ्रमावर बरेच बॉक्स विकले गेले आहेत.

ताकदीचे पार्ट लावून ॲव्हरेजची वाट पाहणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक ही, आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटी जन्मतात.

सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने निवांत जाणाऱ्या छोट्या गाडीला चाकांपाशी साधारण दहाच हॉर्सपॉवर लागते. इंजिन मात्र त्याच्या सात-आठपट ताकदीचं असतं. मग उरलेली ताकद दाबून ठेवायची कशी? पेट्रोल इंजिनात थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवून, म्हणजे हवाच अडवून. पिस्टन खाली येताना त्या अडवलेल्या हवेशी झगडतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि त्या ओढाताणीत इंधन खर्ची पडतं. याला पंपिंग लॉस म्हणतात. रोजच्या वापरात तुमचं ॲव्हरेज इथे मार खातं.

आता फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठी थ्रॉटल बॉडी, पोर्ट केलेला हेड, हे सगळे पार्ट काय करतात? पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला जो अडथळा येतो तो कमी करतात. किलकिल्या थ्रॉटलवर त्या अडथळ्याला काही किंमतच नसते. दार किलकिलं ठेवून मागचा बोळ रुंद करण्यातला हा प्रकार. वर आवाज वाढल्यामुळे पाय जास्त दाबला जातो, ते वेगळंच.

एअर फिल्टरचंही तेच. चोंदलेला फिल्टर पेट्रोल खातो ही समजूत कार्बोरेटरच्या जमान्यातली आणि त्या जमान्यापुरती खरी. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून पाहिले, तेव्हा पिकअप घटला, पण ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. कारण उघड आहे: फिल्टरने हवा अडवली तर थ्रॉटल तेवढाच जास्त उघडतो आणि ईसीयू आलेल्या हवेच्या मापानेच इंधन सोडतो. फिल्टर वेळेवर बदलाच, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. तेल लावायचा कापडी फिल्टर वापरत असाल तर तेल बेताने लावा. जास्तीचं तेल एअर-फ्लो सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसलं की सेन्सर चुकीचं माप देऊ लागतो आणि ॲव्हरेजसाठी लावलेला फिल्टरच ॲव्हरेज खातो.

कोल्ड एअर इनटेकची गंमत तर उलटीच आहे. गार हवा दाट असते, म्हणून ताकद वाढते. पण क्रूझिंगला ताकद नकोच असते, त्यामुळे थ्रॉटल आणखी मिटावा लागतो. म्हणून गरम हवा ओढू द्यावी म्हटलं, तर आजचे ईसीयू नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप भडकण्याच्या) धास्तीने स्पार्कचं टायमिंग मागे घेतात. कंपनीचा इनटेक पाइप आहे तसा राहू द्या.

ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करणारेही याच वाटेवरचे. पेट्रोल इंजिनात एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत आला की तेवढीच हवा अडवण्याची गरज कमी होते, पंपिंग लॉस घटतो. म्हणजे तो बंद करून क्रूझिंगचं ॲव्हरेज कमीच होतं. डिझेलमध्ये ईजीआरमुळे काजळी साचते ही तक्रार खरी आहे, पण त्यावरचा इलाज व्हॉल्व्ह साफ करणं हा आहे. पत्रा टाकून तो बुजवला तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि प्रदूषण तपासणीत गाडी अडकते.

इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, असं मानणं

ही चूक मी स्वतः केली आहे. जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, अडकत होता. मेकॅनिकने तो काढूनच टाकला आणि वर फॅनही डायरेक्ट करून दिला. टेम्परेचरचा काटा पाव भागावर स्थिर. मी खूश. तीन महिन्यांनी टाक्यांची वही उघडली, तेव्हा लक्षात आलं की ॲव्हरेज सरळ उतरणीला लागलंय.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो, कारण इंजिनाला काम करायला तेवढी उष्णता लागते. तो नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहतो. ईसीयूला वाटतं इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही, म्हणून तो जादा इंधन देत राहतो. सिलिंडरच्या थंड भिंतीवर पेट्रोलचे थेंब धरतात, तिथली ऑइलची फिल्म धुतात आणि खाली ऑइलच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरतात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर हे चालू आहे असं समजा. ऑइल घट्टच राहिल्याने घर्षण वाढतं. अखंड फिरणाऱ्या फॅनची वीज अल्टरनेटर पुरवतो, म्हणजे शेवटी तीही इंधनातूनच येते.

थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी लक्षणं हीच: हीटर कोमट, मोकळ्या रस्त्यावर किंवा उतारावर काटा खाली येतो, सिग्नलला परत चढतो. स्कॅनरला बऱ्याचदा पी०१२८ हा कोड सापडतो. पार्ट स्वस्त आहे. बदला, पण काढून टाकू नका.

मिश्रण लीन करायचा नाद

पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्ट हुंगून हे प्रमाण सतत दुरुस्त करत असतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या अगदी जवळपास नीट काम करतो. मधे रेझिस्टर लावून किंवा इंधनाचा दाब कमी करून मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, केलं, तर ईसीयू थोड्याच वेळात फ्युएल ट्रिम (इंधनाच्या मापात तो करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) वाढवून ते पुन्हा जागेवर आणतो. तुम्ही ढकलायचं, त्याने परत ओढायचं.

खरा घोळ सेन्सरला फसवणाऱ्या बिघाडांमुळे होतो. सेन्सर पेट्रोल पाहत नाही, फक्त ऑक्सिजन पाहतो. एखादा प्लग मिसिंग मारत असेल, तर न जळलेल्या पेट्रोलाबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. सेन्सर म्हणतो, मिश्रण लीन आहे. ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी हेच, कारण त्या भेगेतून बाहेरची हवा आत खेचली जाते. गाडी पेट्रोल ढोसते, प्लग काळे पडतात आणि स्कॅनर मात्र 'लीन' दाखवतो. अशा वेळी कोड वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही नेहमीची चूक. आधी प्लग, कॉइल आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा. सेन्सर खरंच मेलेला असेल, तर तो बदलायला मात्र मागेपुढे पाहू नका. त्यासारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकन सरकारची इंधनबचतीची माहिती सांगते. एवढा फायदा बाजारातला कुठलाही मॉडिफिकेशन पार्ट देत नाही.

ट्रिमचे आकडे वाचायला शिका. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, ५ टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रणाला हात लावू नका. आयडलला जास्त आणि २५०० आरपीएमला नॉर्मल असेल, तर व्हॅक्यूम होज कुठेतरी गळतोय. लोडवर वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एअर-फ्लो सेन्सर संशयित. उणे १० च्याही खाली गेला तर इंजेक्टर ठिबकतोय का आणि इंधनाचा दाब जास्त आहे का, ते पाहा.

कार्बोरेटरवाल्यांची चूक वेगळी. आयडल मिक्स्चरचा स्क्रू आवळून हायवेचं ॲव्हरेज वाढत नाही. तो स्क्रू मुख्यतः आयडलपुरता, क्रूझिंगचं इंधन मेन जेटमधून येतं. जेट फार बारीक केला तर मिश्रण हळू जळतं, गाडी ओढत नाही, पाय जास्त दाबावा लागतो आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं. त्यापेक्षा डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पाइप तडकलाय का ते बघा. क्रूझिंगला जादा टायमिंग तोच देतो.

रीमॅप, ऑक्टेन आणि चुंबक

टर्बो गाडीला चांगला रीमॅप, म्हणजे ईसीयूचा बदललेला प्रोग्राम, खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवून देतो. पण ॲव्हरेज तेव्हाच वाढतं, जेव्हा त्या टॉर्कचा उपयोग करून तुम्ही वरचा गिअर लवकर टाकता. जुन्या सवयीने गाडी पिळली तर खर्च वाढेल. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत क्रूझिंगला मिळवण्यासारखं फार काही उरलेलंच नसतं.

ऑक्टेन जास्त म्हणजे ऊर्जा जास्त, असं नाही. तो फक्त नॉकिंगला विरोध करतो. मात्र जास्त ऑक्टेनसाठी मॅप करून घ्यायचा आणि मग साधं पेट्रोल भरायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार: नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो आणि आधीपेक्षाही कमी मिळतं.

इंधनाच्या पाइपला लावायचे चुंबक आणि पाण्यापासून हायड्रोजन बनवणारे किट यांवर फार शब्द घालवत नाही. किटचं गणित एवढंच: इंजिन इंधनातली सुमारे ३० टक्के ऊर्जा वापरतं, अल्टरनेटर त्यातल्या साधारण ६० टक्क्यांची वीज करतो, पाणी फोडताना आणखी गळती. खर्च केलेल्या १०० मधले दहा-बारा हायड्रोजन होऊन परत येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, १९७० च्या दशकापासून अशी शंभरावर उपकरणं तपासली. थोडाफार फायदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचाच निघाला.

ॲव्हरेज अचानक पडलं तर

हळूहळू उतरणारं ॲव्हरेज आणि एका टाकीत कोसळणारं ॲव्हरेज यांची कारणं वेगळी असतात. अचानक पडलं तर ट्यूनिंगचा विचारही नको. टायरची हवा तपासा. चारही टायरमध्ये १० पीएसआय कमी असेल तर तेवढ्यानेच सुमारे २ टक्के जातात. ऑइल बदलून आणलं असेल तर ग्रेड पाहा. ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात कोणी २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, तर शोध तिथेच संपला.

मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, गाडी थांबवा आणि हात न लावता चारही रिमजवळ तळवा धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त भाजत असेल, तर सपाट जागेवर गाडी जॅक-स्टँडवर घेऊन गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा आणि ते चाक हाताने फिरवा. जड लागलं, घासत फिरून लगेच अडलं, तर ब्रेक धरून बसलाय आणि बॉनेट उघडायची गरजच नाही.