छोट्या टाकीतला खारटपणा असा आटोक्यात आला

माझी खाऱ्या पाण्याची टाकी जेमतेम ३० लिटरची. त्यात सिरॅमिकचे दगड, वाळू, थोडे झोअँथिड (फुलांसारखे उमलणारे, प्रवाळांच्या नात्यातले मऊ समुद्री जीव) आणि गोगलगायी. (आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं.)

पुण्यातल्या एप्रिलमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं, म्हणून वर छोटा पंखा लावला. तापमान २७ वर उतरलं, पण झोअँथिड मिटून बसले. रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या साधनाने) पाहिलं तर पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ वरून १.०२९ झालेली, म्हणजे खारटपणा वाढलेला. पंख्याच्या वाऱ्याने पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. ५०० लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं तर जाणवतही नाही. ३० लिटरमधून तेवढंच गेलं की लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ ३६ च्या पुढे जातं.

उपाय सोपा निघाला. भरलेल्या पातळीवर काचेला रेघ मारली. कमी झालेलं पाणी बिनमिठाच्या आरओ पाण्याने भरायचं, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. घरच्या आरओत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असू शकतात, म्हणून टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्याच्या जवळ येणारं पाणीच घ्या. आणि घाई अजिबात नको: घनता काही दिवसांत थोडी थोडी उतरवली, तसे झोअँथिड उमलू लागले. आता रोज सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत पाणी भरतो. गावाला जायचं असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारी झडप) लावलेली आरओ पाण्याची बाटली वर टांगतो.